“आमच्याकडे ते नातेवाईक करतात”

ताई, जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, की अर्धांगवायू झालेले आजोबा सकाळी अंग पुसून घ्यायला नको म्हणाले तर काय कराल? तुम्ही बोलून गेलात, “आमच्याकडे मिरजेत ते नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी.” समोरचे गप्प झाले. पुढे पत्र आलं ते आयसीयूचं नाही, वृद्धांच्या वॉर्डाचं. आता जावं का, असं तुम्ही विचारताय.

जा. पण ते गप्प का झाले, हे आधी समजून घ्या. तिथे कॉटशेजारी चटई टाकून बसलेली सून नसते. स्पंजिंग, भरवणं, डायपर बदलणं, कूस बदलणं हे नोंदणीकृत नर्सचंही काम, त्याला ‘ग्रुंडफ्लेगे’ म्हणतात. उलट सलाईनची सुई लावणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरकडे असतं. इकडे दिवसाला वीस सुया लावणारी मुलगी तिथे “मी काय मावशी आहे का?” म्हणून खचते ती यामुळेच. मुलाखतीत “हो हो, रोज करते” म्हणणारीचं पितळ पहिल्याच सकाळी उघडं पडतं. तुमचं काय कच्चं आहे ते त्यांना आधीच कळलं, हे तुमच्या फायद्याचं आहे.

त्या प्रश्नाचं त्यांना हवं असलेलं उत्तर साधं होतं: नको म्हणाले तर जबरदस्ती नाही. अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं, निदान तोंड-हात पुसू का म्हणायचं, आणि नकार दिला हे वेळेसकट नोंदवायचं. नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात.

निघेपर्यंत तुमच्याच वॉर्डात मावशींबरोबर हात बसवून घ्या. आधी तोंड, तेही साबणाशिवाय. मग हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि गुप्तांग शेवटी, त्यासाठी पाणी आणि कपडा वेगळा. जो भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी अंगावर टॉवेल. लुळा हात असेल तर सदरा चढवताना तो हात आधी, काढताना शेवटी. उलट केलंत तर खांदा ओढला जातो. कुशीवर पूर्ण 90 अंशांत वळवू नका, पाठीला उशी देऊन 30 अंश पुरे. नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथेच बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होतो. आणि प्रत्येक हालचालीआधी बोला. हीच वाक्यं जर्मनमध्ये पाठ करा, भाषेच्या बी-टू पातळीच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-टू परीक्षेचे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे याच संस्थेच्या शाखेत, परीक्षेची सोय आहे.

तिथे नर्स म्हणून मान्यता घेताना कागदांत अडतं ते नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तेही माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला भाषांतरासह जोडा. नर्सिंग स्कूलकडून विषयवार थिअरीचे आणि वॉर्डातल्या प्रॅक्टिकलचे तास लिहून घ्या. तास कमी भरले की तिथे पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी लागते. चाचणी तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णावर अशी दोन्ही असते, नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. तोवर पगार सहायकाचा, हे घरच्यांना आत्ताच सांगा, कर्जाचे हप्ते त्यावर मांडा.

वृद्धांच्या वॉर्डात गेलं की तिथेच अडकू, ही भीती मात्र सोडा. रुग्णसेवा, बालरुग्णसेवा आणि वृद्धसेवा यांचं शिक्षण 2020 पासून तिथे एकत्र केलंय, आणि मान्यता मिळाल्यावर तुमचं पदनामही तेच सर्वसाधारण नर्सचं असेल. पुढे जखमांची काळजी, पॅलिएटिव्ह सेवा (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी), किंवा 300 तासांचं प्रशिक्षण घेऊन विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणारी ‘प्राक्सिसआनलायटरिन’ होता येतं. मला विचाराल तर शेवटचा रस्ता तुमच्यासाठी. दोन्ही पद्धती ठाऊक असलेली शिक्षिका तिथे हवीच आहे.

सही करण्याआधी करारात एक कलम शोधा: लवकर नोकरी सोडली तर किती पैसे परत करायचे आणि किती महिन्यांपर्यंत. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, ते लेखी विचारा. एजंट तुमच्याकडे लाखभर मागत असेल तर उठून या. तिथल्या सरकारी ‘फेअरे आनवेर्बुंग’ (न्याय्य भरती) शिक्क्याच्या भरतीत खर्च मालक उचलतो, नर्सकडून पैसे घेत नाहीत.