पहाटे तीनला येणारी जाग

आक्का,
दिवाळीनंतर घरातले दोन्ही माग विकले. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते, मग झोप नाहीच. सकाळी चहा ठेवायचंही जिवावर येतं, संध्याकाळी जरा बरं वाटतं. सासूबाई म्हणत्यात, "विचार करतीस म्हणून झोप येत नाही." मालक तर गाढ झोपत्यात, दुपारीसुद्धा. जाऊबाईंकडची झोपेची गोळी अधूनमधून घेते. डॉक्टरकडे जावं तर माझं कन्नड तोडकं. मन बसलंय म्हणून झोप गेली, की झोप गेली म्हणून मन बसलंय?
— वडगावची एक

मला आक्का म्हणालीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

तुझा प्रश्न डॉक्टरांनाही बरीच वर्षं पडलेला होता. पूर्वी त्यांचंही उत्तर तुझ्या सासूबाईंसारखंच असायचं: आधी मनाचं बघू, झोप मागाहून येईल. आता तसं मानत नाहीत. नैराश्य नसलेल्या माणसाची झोप दीर्घकाळ बिघडली, तर त्याला पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो. नैराश्य बरं झालं पण झोप तशीच बिघडलेली राहिली, तर ते उलटायची भीतीही जास्त. तेव्हा आधी कोण आलं याचा निवाडा करत बसू नकोस. उपचार दोन्हींवर एकदम करायचे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. जाग फार लवकर येते, सकाळी मन जड आणि संध्याकाळी हलकं. काळजीनं झोप उडते ती बहुधा अंथरुणाला पाठ टेकताना. पहाटेची जाग आणि सकाळचं जडपण एकत्र दिसलं, की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुझं तर दिवाळीपासून चाललंय. "होईल बरं" म्हणत आणखी थांबू नकोस.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, पण पहिल्याच खेपेला तेवढं लांब जायची गरज नाही. कन्नडची धास्ती तर सोडूनच दे. बेळगावात मराठी अजिबात न कळणारा डॉक्टर मुद्दाम शोधावा लागेल! थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांग, त्यानंही झोप तुटते.

जाऊबाईंची गोळी बंद. ती त्यांच्या नावानं लिहून दिलेली आहे, आणि अशा बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. अधूनमधून म्हणतेस ते रोजचं झालं असेल, तर मात्र एकदम तोडू नकोस, डॉक्टरांना विचारून कमी कर. नैराश्याचं औषध वेगळं असतं. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडायचं नाही.

झोपेसाठी गोळीआधी सवयी बदलायच्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. त्या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलायचा उपचार. नाव भारी आहे, काम घरचंच. रात्रीची भरपाई म्हणून आठलाच आडवी होऊ नकोस, दुपारी लवंडू नकोस. उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. तीनला जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर कूस बदलत पडून राहू नकोस. ऊठ, मंद दिव्यात तांदूळ निवडत बस, पेंग आली की परत जा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेव. पहिला आठवडा त्रासाचा जाईल, दिवसा डोळे मिटतील. तरी वेळा मोडू नकोस.

आता एक विचारते, रागावू नकोस. त्या तीनच्या वेळेला "आपण नसतो तर बरं" असं मनात येतं का? येत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. घरातल्या कुणाला तरी उठव आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास चालणारी. भाषा विचारतील तेव्हा मराठी सांग.

आणि दवाखान्यात मालकांना बरोबर ने. माग गेल्यापासून ते दुपारीही झोपतात म्हणून तू त्यांचा हेवा करतेयस, पण नैराश्यात काहींची झोप उडते तशी काहींची वाढतेही. त्यांचीही चिठ्ठी काढ.