आनंद होतो की करायचा असतो?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) तिसऱ्या रविवारी उपासनेहून परतताना तू मला दोन प्रश्न विचारलेस आणि मी दोन्ही वेळा "घरी गेल्यावर सांगते" असे म्हणून ते टाळले. पहिला प्रश्न असा होता, की पाळकांनी "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन वाचले, पण मराठीत आनंद तर "होतो", मग तो "करायचा" कसा? दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: "आई, ते वचन वाचले जात असताना तू रडत होतीस, मग तुझा आनंद कुठे होता?" बोलताना माझा गळा दाटून येईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर विचार.

मराठीत भावना बहुधा आपल्याकडे चालत येतात, हे तू अगदी बरोबर ओळखले आहेस. मला राग येतो, भीती वाटते, भूक लागते, आनंद होतो; या साऱ्या वाक्यांत "मी" कुठेच काही करत नाही, जे घडते ते "मला" घडते. (मजा मात्र आपण करतो, असे तू म्हणशील. खरे आहे, पण मजा करायला हाताशी काहीतरी असावे लागते, आणि ते संपले की मजाही संपते.) तरीही आपल्या भाषेने काही शब्दांना दोन-दोन क्रियापदे दिली आहेत. विश्वास बसतो आणि विश्वास ठेवताही येतो. आशा वाटते आणि आशा धरताही येते. धीर येतो आणि धीर धरताही येतो. यांतले पहिले क्रियापद आपल्या हातात नसते, दुसरे असते. मराठी पवित्र शास्त्रात आज्ञा म्हणून येते ते दुसरे क्रियापद: विश्वास ठेवा, आशा धरा, धीर धरा, आनंद करा. "तुम्हांला आनंद होवो" ही सदिच्छा झाली. "आनंद करा" हे सांगणे आहे, आणि जे आपल्याला करता येते तेच कोणी आपल्याला सांगू शकतो.

हे सांगणारा येशूचा प्रेषित पौल त्या वेळी बंदिवासात होता. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या त्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो आपल्या बंधनांचा उल्लेख करतो, आणि चौथ्या अध्यायात "आनंद करा" हे एकदा सांगून त्याचे समाधान होत नाही, म्हणून "पुन्हा म्हणेन, आनंद करा" असे तो लिहितो. त्याचे कारण पुढच्याच वचनात आहे: प्रभू समीप आहे. त्यानंतर तो चिंतेविषयी बोलतो आणि आपल्या मागण्या उपकारस्तुतीसह देवाला कळवायला सांगतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मागण्या पूर्ण झाल्यावर आनंद करा, असे तो म्हणत नाही. प्रभू जवळ आहे म्हणून आनंद करा आणि मग मागा, असे म्हणतो. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवाराचे जुने लॅटिन नाव "गौदेते" हे याच वचनाचा पहिला शब्द आहे आणि त्याचा अर्थ "आनंद करा" असाच होतो. या काळात दर रविवारी एक मेणबत्ती लावतात; तू लावलेली मेणबत्ती जांभळी नसून गुलाबी होती, ती त्यामुळेच. जांभळा रंग पश्चात्तापाचा, आणि त्यात मधेच ही एक गुलाबी झुळूक.

पण त्याच रविवारी शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या जीवनकथेतून, काय वाचले गेले, ते आठव. मत्तयाचा ११ वा अध्याय. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तो आपल्या शिष्यांबरोबर येशूला प्रश्न पाठवतो: येणारा, म्हणजे वचन दिलेला तारणारा, तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी एका बंदिवानाची शंका वाचायची, हे मला लहानपणी विचित्र वाटे. आता वाटत नाही, कारण या योहानाची सगळी कथा आनंदापासूनच सुरू होते. लूक सांगतो, की येशूची आई होणारी मरीया आपल्या नातलग अलीशिबेला भेटायला गेली आणि तिच्या अभिवादनाचा शब्द कानी पडताच अलीशिबेच्या उदरातल्या बाळाने उल्हासाने उडी मारली. ते बाळ म्हणजे हाच योहान. तो आनंद त्याला झाला होता; त्यात त्याने काही केले नव्हते. पुढे मोठेपणी यशया संदेष्ट्याच्या शब्दांत त्याची ओळख करून दिली गेली, ती अशी, की परमेश्वराचा मार्ग तयार करा, त्याच्या वाटा नीट करा, असे अरण्यात ओरडून सांगणारी वाणी. आणि आता, ज्याने इतरांना वाटा नीट करायला सांगितल्या, तोच विचारतो आहे, की दुसऱ्या कोणाची वाट पाहू का.

इथे आपली मराठी मला फार जवळची वाटते. एखाद्यासाठी थांबून राहण्याला आपण "वाट पाहणे" म्हणतो. यात नुसते थांबणे नाही, रस्त्याकडे डोळे लावून बसणे आहे. ज्या बाजूने कोणी येणार, ती बाजू ठाऊक असल्याशिवाय वाट पाहताच येत नाही. माझ्या मते भरवसा म्हणजे हेच: कधी येणार ते माहीत नसते, पण कोण येणार ते माहीत असते. योहानाचा हा दुसरा भागच डळमळला होता, आणि तरी त्याने तो प्रश्न इतर कोणाकडे न नेता ज्याच्याविषयी शंका होती त्याच्याकडेच पाठवला. शंका घेणाऱ्याचे तोंडसुद्धा वाटेकडेच होते.

येशूने त्याला रागावून उत्तर दिले नाही, हे नीट लक्षात घे. जे ऐकता व पाहता ते योहानाला जाऊन सांगा, असे तो म्हणाला: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. शेवटी तो म्हणाला, की माझ्याविषयी जो अडखळत नाही तो धन्य. अडखळणे हाही वाटेवरचाच शब्द. आणि शिष्य परत गेल्यावर त्याने लोकसमुदायासमोर योहानाची थोरवी सांगितली. यातले मला सर्वांत कठीण वाटते ते असे, की तुरुंगातून सुटका हा त्या उत्तराचा भाग नव्हता. हेरोद राजाने पुढे योहानाचा शिरच्छेद करविला. देवावर भरवसा ठेवला म्हणजे हवे ते घडते, असे तुला कोणी शिकवले, तर ही कथा त्याच्यापुढे ठेव.

आता तुझा दुसरा प्रश्न. आजोबांच्या तपासणीचा निकाल यायचा होता, हे तुला ठाऊक आहे, आणि इतक्या लांब राहून मला त्यांच्यापाशी बसता येत नाही, हेही तू पाहतेस. माझ्या लहानपणी कोणी काळजीत असले, की वडीलधारी माणसे "देवावर भार टाक" असे म्हणत, आणि मला त्याचा अर्थ "आता रडू नकोस" असा वाटे. स्तोत्र ५५ पुढे स्वतः वाचले तेव्हा माझी चूक कळली, कारण आपला भार परमेश्वरावर टाक, असे सांगणाऱ्या त्याच स्तोत्रात आधी कण्हणे आहे, भीती आहे, पारव्यासारखे पंख असते तर उडून गेलो असतो अशी तळमळही आहे. भार टाकायचा तर आधी तो उचलून दाखवावा लागतो. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी सगळी यादी मोजून मगच "तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन" असे म्हटले. "तरी" या शब्दाआधी त्याने एकही गोष्ट लपवली नाही.

म्हणून खरे सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला नव्हता. मी आनंद केला, तोही मोडका-तोडका: वचन संपल्यावर सर्वांबरोबर "आमेन" म्हटले, आणि तू मेणबत्ती लावायला पुढे गेलीस तेव्हा डोळे पुसून तुझ्याकडे पाहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. तू फक्त रडणे पाहिलेस, कारण दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही.

निकाल अजून आलेला नाही. येत्या रविवारी चौथी मेणबत्ती लागेल आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातून मरीयेचा पती योसेफ याच्याविषयी वाचले जाईल. ते वाचन या वेळी मराठीत तू करावेस, असे मला वाटते. योसेफाच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही; आहेत ती त्याने केलेल्या कामांची क्रियापदे. वाचताना ती मोज आणि घरी येताना मला सांग.

तुझी,
आई