काखेतली खाज आणि ते 'सगळ्यावर एक' मलम

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, ही मीच लिहिली असावी. दोन्ही काखांत खाज, कातडी काळवंडलेली, मलम लावलं की चार दिवस आराम आणि सोडलं की पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही विचारलंय, केस पूर्ण काढले तर हे थांबेल का आणि काळेपणावर कुठलं क्रीम लावू. दोन्हीबद्दल पुढे लिहितो. पण 'मलम लावलं की बरं वाटतं' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, सगळी गोम तिथेच आहे असं माझं मत. मी डॉक्टर नाही, तुमची काख मी पाहिलेली नाही, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

धुणं, पुसणं, घामट बनियन बदलणं हे तुम्ही करतच असाल, ते सोडतो.

आधी ती ट्यूब उजेडात धरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. त्याच्या जोडीला बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकही असेल, तर रोग न ओळखता देता यावं अशीच त्या मलमाची सोय आहे. खाज बुरशीची असो, अ‍ॅलर्जीची असो की आणखी कशाची, स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं. म्हणून बरं वाटतं. बुरशी मात्र आत आरामात पसरत राहते, आणि तिची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने पुढच्या डॉक्टरलाही ती पटकन ओळखू येत नाही.

स्टेरॉइड वाईट असतं असं मी म्हणत नाही. नेमक्या रोगावर, बेताच्या ताकदीचं, ठरलेले दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. पण काख म्हणजे तळहात नव्हे. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये मोजून दाखवलं होतं की हायड्रोकॉर्टिसोन कोपराखालच्या हाताच्या आतल्या कातडीपेक्षा काखेत साडेतीन पटीहून जास्त शोषलं जातं. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्यातलं सौम्य स्टेरॉइड. क्लोबेटासॉल सर्वांत जहाल गटातलं. वर कातडीला कातडी चिकटलेली, म्हणजे औषध जणू झाकूनच ठेवलेलं.

आता माझी कथा, कारण नाव न घेता का होईना, मला ती ओकायची आहे. एका चकचकीत स्किन क्लिनिकमध्ये गेलो होतो. समोरच्या बाईंनी तक्रार लिहून घेतली, डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, आणि शर्टाचं बटणही न काढता मी बाहेर आलो: हातात क्लोबेटासॉल ०.०५ टक्केवालं मिश्र मलम आणि काळेपणा घालवायच्या पीलचं, म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलण्याचं, पॅकेज. किती दिवस लावायचं, हे चिठ्ठीवर नव्हतं. फोन करून विचारलं तर 'बरं वाटेपर्यंत लावा'. बरं तर रोजच वाटत होतं! पुढे काखेच्या पुढच्या कडेला जांभळट रेघा उमटल्या. पोट सुटलेल्यांच्या पोटावर असतात तशा, पण बोटाला खोलगट लागणाऱ्या. त्या दाखवायला गेलो तर उत्तर मिळालं, 'व्यायाम वाढवला असेल.' आणि पीलची पुढची तारीख दिली. आधीच सोललेल्या कातडीवर आम्ल लावून घेण्याचे पैसे मी आगाऊ भरले होते. ते परत मिळाले नाहीत ते सोडा. रेघा आता पांढुरक्या झाल्यात, पण गेलेल्या नाहीत, जाणारही नाहीत. खाजेचं मूळ कारण तोवर तिथेच होतं.

ते सापडलं दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, 'हात वर करा.' पुरळ खळग्याच्या मध्यभागी आहे की कडेने, हे त्यांनी आधी पाहिलं. हे तुम्हालाही आरशात करता येईल. डिओडरंटची अ‍ॅलर्जी बहुधा जिथे डिओ लागतो तिथेच, म्हणजे केसांच्या खळग्यात उठते. कपड्याच्या रंगाची किंवा फिनिशची (कापडावर चढवलेल्या रसायनांची) अ‍ॅलर्जी खळगा सोडून कडेकडेने, जिथे कापड घासतं तिथे उठते. वाढत जाणारी गोल कडा आणि तिच्यावर खवले असतील तर बुरशीचा संशय. तपकिरी, सपाट, किंचित भुरभुरीत आणि फारशी न खाजणारा चट्टा असेल तर एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूचा प्रकार असू शकतो. तो वुड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो. (तपासणीला जाण्याआधी काख घासून धुऊ नका, ती चमक देणारा पदार्थ धुऊन जातो आणि दिवा काहीच दाखवत नाही.) हे सगळे अंदाज आहेत, निदान नव्हे. पण किमान चार प्रश्न विचारण्याइतपत तयारी होते.

माझ्या बाबतीत पॅच टेस्ट झाली. पाठीवर पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, आणि दोनेक दिवसांनी पुन्हा बघतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उठतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण करून घ्याच. निघाली सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी. 'मी तर वर्षानुवर्षं हाच डिओ वापरतोय' असं मीही म्हणालो होतो. अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही जडते. आणि 'नैसर्गिक' वाचून भुलू नका. लिनालूल, लिमोनीन हे वनस्पतीतलेच सुगंधी घटक, हवा लागून जुने झाले की जास्त अ‍ॅलर्जी करतात. लेबलवर 'फ्रॅग्रन्स फ्री' शोधा. 'अनसेंटेड'मध्ये वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो.

केसांबद्दल: काढलेच पाहिजेत असं काही नाही. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, तो जिवाणू तयार करतात. केस कमी असले की घाम कमी धरला जातो आणि धुणं सोपं होतं, इतकाच फायदा. सध्या तुमची कातडी चिडलेली असताना ब्लेड अजिबात नको. गार्ड लावून ट्रिमर फिरवा, बस. पुढे कधी शेव्हिंग केलंत तर काखेतले केस एका दिशेने वाढत नाहीत हे लक्षात ठेवा, आणि ते रात्री करा म्हणजे लगेच डिओ लावायची वेळ येणार नाही. माझा स्वतःचा कौल ट्रिमरलाच. केसांवर पिवळट दाणे चिकटलेले दिसत असतील तर गोष्ट वेगळी. तो जिवाणूंचा थर असतो आणि तिथे केस काढणं हाच मुख्य इलाज.

काळेपणावर आत्ता काहीही लावू नका. खाज आणि दाह थांबला की तो काही महिन्यांत आपोआप फिका होत जातो. खाज चालू ठेवून क्रीम चोळणं म्हणजे पैसे पाण्यात. अपवाद एकच: कातडी मखमली, जाडसर वाटत असेल आणि मानेच्या मागेही तसंच असेल तर रक्तातली साखर तपासा. तो प्रकार बहुतेकदा इन्सुलिनशी जोडलेला असतो, वरून कितीही घासलं तरी जात नाही. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. काखेला सौम्य आम्लता लागते. सोडा ती मोडतो, आणि लिंबू चिरलेल्या कातडीला झोंबतं ते वेगळंच.

घाम रोखणारी अ‍ॅल्युमिनियमवाली उत्पादनं वापरत असाल तर तीही सध्या बंद. नंतर सुरू केलीत तर रात्री, पूर्ण कोरड्या कातडीवर लावा. ओल्या कातडीवर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडपासून आम्ल तयार होतं, आग त्याचीच होते.

काखेत वारंवार गळवं येत असतील, किंवा एखादी गाठ दोनेक आठवड्यांत गेली नसेल, तर हे सगळं वाचत बसू नका, थेट दाखवा. गळवं फोडू तर नकाच.

मलम बरेच दिवस चालू असेल तर आज रागाच्या भरात फेकून देऊ नका; एकदम थांबवल्यावर कधी कधी सगळं दुपटीने उसळतं. कमी कसं करायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. जाताना ट्यूब, डिओ आणि साबणाचं वेष्टन पिशवीत घालून न्या. हात वर करायला न सांगता चिठ्ठी लिहायला घेतली तर सरळ म्हणा, 'आधी बघता का जरा?' मी तेव्हा म्हणालो नाही, भिडस्त म्हणून. आणि ट्यूबवर काय लिहिलंय ते इथे टाका, तीत स्टेरॉइड आहे की नाही एवढं तरी कुणीतरी सांगेल.