चौथा भाग दाखवू का?

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, लेक नऊ वर्षांची. सुट्टीत तिने हॅरी पॉटरचे पहिले तीन सिनेमे पाहिले, आता लाटणं घेऊन घरभर मंत्र म्हणत फिरते, मलाही बघायला मजा येते खरं तर, पण तिसऱ्यातले ते माणसाचा आनंद शोषून घेणारे काळे डिमेंटर बघितल्यापासून रात्री बाथरूमला एकटी जात नाही. आणि तरी चौथा लाव म्हणून मागे लागलीय!

उत्तर: चौथा आत्ता नकोच. हे आठ सिनेमे २००१ ते २०११ असे दहा वर्षांत आले, तेव्हाची पोरं हॅरीसोबतच मोठी झाली, तुमची लेक सगळं एका सुट्टीत संपवायला निघालीय. चौथ्यात हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मरतो, त्याचे बाबा त्याच्यावर कोसळून रडतात, तो सीन मला आजही बघवत नाही.

मंत्र मात्र बंद करू नका हं. डिमेंटरवरचा उपाय त्याच भागात आहे ना, आपली सगळ्यात आनंदाची आठवण घट्ट धरायची. झोपताना तिला विचारा, तुझी कुठली? तलावपाळीला बोटीत बसलो होतो ती का? रोज एक सांगू दे. आणि पुस्तकं मराठीतही आहेत, पहिलं तुम्ही दोघी मिळून वाचायला घ्या.