आकडा दीडशेच्या वर गेला, लेकराला बाहेर सोडू का?

मी समुपदेशक. दिवाळी सरली की संक्रांतीपर्यंत माझ्याकडे हा प्रश्न येतच राहतो. आकडा म्हणजे मोबाइलवर दिसणारा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक, एक्यूआय. विचारणारे बहुतेक संभाजीनगरजवळच्या वाळूज, बजाजनगरकडचे आईवडील. एकीकडे एमआयडीसी, दुसरीकडे नगर रोडची धूळ, त्यात आसपासच्या शेतांत पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. भीती हवेतून आलेली नाही, म्हणजे आलेली हवेतूनच आहे, पण उगाच नाही. 2019 साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्या यादीत मराठवाड्यातली संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही शहरं आहेत. त्यामुळे "काही होत नाही हो" असं मी कुणालाच म्हणत नाही.

त्यातल्याच एका आईची ही गोष्ट, ओळख लागू नये इतकी बदललेली. मुलगा सात वर्षांचा, त्याला बाळदमा. पहिल्या दिवशी तिने खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल टेबलावर ठेवला.

"मॅडम, या अ‍ॅपवर 98 आहे अन् या दुसऱ्यावर 153. एक म्हणतं समाधानकारक, दुसरं लाल. कुणाचं खरं धरू?"

दोन्ही खरे होते. बारीक कणांचं, म्हणजे पीएम 2.5 चं, प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असलं की भारतीय मापात आकडा 100 होतो आणि अमेरिकी मापात दीडशेच्या वर जातो. हवा तीच, फूटपट्टी वेगळी. आणि 'समाधानकारक' हवेतही संवेदनशील माणसाला थोडा त्रास होऊ शकतो, हेही आपल्याच मापात म्हटलेलं आहे. मी हे छान समजावून सांगितलं, माझी मीच खूश झाले. पुढच्या आठवड्यात ती तिसरं अ‍ॅप घेऊन आली. माहितीने भीती जात असती तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं!

मग तिला साधी वही ठेवायला सांगितली. खिडकी कधी उघडी, कधी बंद, घरात काय जळतंय, लेकरू कधी खोकतंय. तिने मनापासून लिहिलं. मी वाचलं नाही, तिलाच मोठ्याने वाचायला लावलं.

"सात वाजता खिडक्या लावल्या. साडेसातला डासांची कॉइल. आठला सासूबाईंचा धूप. दहाला खोकला." दुसरी रात्र तशीच. तिसऱ्या रात्रीच्या निम्म्यात ती थांबली.

"मॅडम, धूर तर मीच आत कोंडला."

इथे घाईने तोडगा सांगायचा मोह होतो. मी गप्प राहिले, आणि ते बरं झालं. कारण पाठोपाठ खरं दुखणं आलं. "इथं पण मीच आणलं त्याला. शाळेपायी. सासूबाई म्हणतात, गावाकडं असता तर लेकराला काही झालं नसतं."

"गावाकडं कुणी खोकत नव्हतं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "माझी आजी. जन्म चुलीपुढं गेला. रात्र रात्र ढास लागायची तिला."

"मग तिला कुणी म्हणालं, गावात राहिलीस म्हणून झालं?"

ती हसली. रडता रडताच.

घटनेपेक्षा त्या घटनेवर आपण दिलेला निवाडा जास्त छळतो, यावर माझा इतक्या वर्षांत विश्वास वाढतच गेलाय. ही बाई दिवसातून वीसदा हवा बघतच नव्हती, आई म्हणून आपला निकाल बघत होती. आकडा चढला की ती नापास. निकालाचं ओझं उतरल्यावरच पुढचं तिच्या कानात शिरलं, आणि ते मात्र मी भरपूर सांगितलं.

आधी बालरोगतज्ज्ञ. त्यांनी रोज घ्यायला दिलेला दम्याचा पंप 'सवय लागेल' म्हणून ती चुकवत होती, तो नियमित सुरू झाला. आकडा दिवसातून एकदाच, आपल्या मापाच्या एकाच अ‍ॅपवर. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर तिच्यातच अडकतो, ऊन तापलं की तो वर पांगतो. म्हणून खिडक्या पहाटे बंद, दुपारी सताड उघड्या, आणि खेळ चारच्या सुमाराला. आकडा दोनशेच्या पुढे गेला तर त्या दिवशी घरात कॅरम. कॉइलऐवजी मच्छरदाणी, सुक्या झाडूऐवजी ओलं फडकं. नाकाला ओढणी बांधून बारीक कण अडत नाहीत, त्याला चेहऱ्याला नीट बसणारा एन 95 मास्कच लागतो. धुपाचं मी तिच्यावरच सोडलं. तिने सासूबाईंना न दुखावता तो अंगणात तुळशीपाशी नेला, हे माझ्याच्याने झालं नसतं.

शेवटच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या होत्या. लेकरू बरं आहे म्हणाल्या, मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "ते मच्छरदाणीत माझा जीव घाबरतो बाई. त्याला तुमच्याकडं काही हाय का?"

त्यांना बुधवारची वेळ दिली आहे.