मंजूर झालेला माळ, तीन पोती डीएपी आणि चंदगडचे पाहुणे

मृगाआधी आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकाच्या कृषी खात्याच्या मदत केंद्रात, प्रश्नांची रांग लागते. या आठवड्यातले तीन घेतो.

प्रश्न (खानापूर तालुका): वडील कसत होते तो दीड एकर सरकारी माळ फॉर्म ५७ वर (कसत असलेली सरकारी जमीन नावावर करायचा अर्ज) आमच्या नावे मंजूर झाला. सागुवळी चिट, म्हणजे जमीन मंजूर झाल्याचा कागद, मिळाली. माती तांबडी, हातभर खाली मुरूम. इतकी वर्षं नाचणा घेत होतो. आता ऊस लावावा म्हणतो. औषध दुकानदार म्हणतो, एकरी तीन पोती डीएपी आणि मुळांचं टॉनिक टाका. बोअर पुढे मारणार आहे.

उत्तर: ऊस लावू नका. कागद बदलला, माती तीच आहे. आणि ज्या बोअरच्या भरवशावर कांडी पुरणार, तो अजून बोलण्यातच आहे. पाणी लागलं की उसाचं बघू, तोवर नाचणाच घ्या.

आता डीएपी. पन्नास किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. कोरडवाहू नाचण्याला एकरी साधारण १६ किलो पुरतं. म्हणजे एक पोतंही पुरून उरतं आणि तुम्हाला तीन सांगितली. तुमची माती आम्ल असणार, खानापूरच्या पावसात धुपलेल्या तांबड्या मातीचं तेच होतं. अशा मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, पिकाला सोडत नाहीत. पोती वाढवलीत तर माती आणखी धरेल. दुकानदाराचा हिशोब पोत्यांवर चालतो, त्यात त्याची चूक नाही. चूक तुमची, की विकणाऱ्यालाच डोस विचारता.

टॉनिक घेऊ नका. बाटलीवर मुळांचं चित्र आहे, एवढाच त्याचा मुळांशी संबंध. ते पैसे चुन्याला ठेवा.

चुना म्हणजे घराला लावायचा कळीचा चुना नव्हे, शेतीचा दळलेला चुना. किती टाकायचा ते माती परीक्षणाचा अहवाल सांगेल, शेजारी नाही. वळवाच्या पावसानंतर, पेरणीच्या किमान तीन आठवडे आधी मातीत मिसळा. युरिया किंवा डीएपीबरोबर कालवू नका. दरवर्षी कोणीतरी एकाच पाटीत कालवून फेकतो, नत्र वासाबरोबर उडून जातं आणि मग पीक पिवळं का म्हणून विचारायला येतो. जास्त चुनाही नको, जस्त आणि बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. पुन्हा सांगतो, परीक्षणाशिवाय चुना नको, चुन्याबरोबर खत नको, दुकानदाराच्या सांगण्यावरून काहीच नको.

आणि ताग पेरा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, काहीजण मला पाहून रस्ता बदलतात. पहिल्या पावसावर एकरी वीस-पंचवीस किलो बी फेका, पंचेचाळीस दिवसांनी फुलं दिसू लागली की गाडा. "दाट करा, दोन महिने ठेवा" असं बी विकणारा सांगेल. ठेवू नका, खोड लाकडासारखं होतं आणि कुजत नाही. नाचण्याची रोपवाटिका जूनअखेर टाका, म्हणजे ताग गाडून आठ-दहा दिवसांत लावणीला रोप तयार. लावण उताराला आडवी करा. उभी केलीत तर चुना, ताग, माती सगळं ओढ्यात जाईल. उसाचं तणनाशक "थोडंसं" म्हणून नाचण्यात मारू नका. पिवळी पडून बसलेली रोपं मी बरीच पाहिली आहेत.

बांधबंदिस्तीला रोजगार हमीत बसतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. सवलतीच्या बियाण्याला फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) लागतो, तो नव्या उताऱ्याशी जोडून घ्या.

प्रश्न (बेळगाव तालुका): आजोबांना कूळ म्हणून मिळालेली जमीन विकायची आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडचे पाहुणे म्हणतात, कूळ कायद्याचं ३२ म चं प्रमाणपत्र काढा.

उत्तर: पाहुण्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. चंदगड १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, पण १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचा मालक ठरला तो दिवस, त्यांच्याकडे झाला, आपण तोवर म्हैसूर राज्यात गेलो होतो. इथल्या कुळांची जमीन १ मार्च १९७४ ला सरकारजमा झाली, मग फॉर्म ७ (कुळाचा हक्कमागणीचा अर्ज) भरून, भू-न्यायमंडळापुढे उभं राहून आजोबांनी ती मिळवली. घरात फॉर्म १०, म्हणजे त्या हक्काचं प्रमाणपत्र, शोधा. न्यायमंडळाच्या अंतिम आदेशाच्या तारखेपासून पंधरा वर्षं विक्रीला बंदी असते, तुमची बहुतेक उलटली असेल. तरी उताऱ्याचा ११ वा रकाना (इतर हक्क आणि बोजे) वाचून घ्या. उतारा कन्नडमध्ये आहे म्हणून एजंटाकडून वाचून घेऊ नका. त्याला जे विकायचंय तेच त्यात लिहिलेलं असतं. शाळेत जाणारा नातू वाचेल.

प्रश्न (हुक्केरी तालुका): आम्ही अनुसूचित जातीतले. आईला सरकारने दिलेल्या दोन एकरांवर एकजण "फक्त करारपत्र करू, पाच वर्षं मी कसतो" म्हणतो. आगाऊ पैसे देतोय.

उत्तर: आईचा अंगठा कुठेही उठवू देऊ नका. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, १९७८ चा कायदा आहे. करारपत्र लिहिणाऱ्याला हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पैसे घेतले असतील तर परत करा आणि तहसीलदार कचेरीत विचारा. कसायला बैल नाहीत ही अडचण असेल तर शेजाऱ्याशी वाट्याने बैल लावा, जमीन नव्हे.

तिघांनीही मातीचा नमुना आणा. खत टाकलेल्या जागेचा, बांधाकडेचा, झाडाखालचा नको. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करून अर्धा किलो सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यात आणलीत तर परत पाठवीन.