फोटोंत आकाशावर काळे ठिपके दिसतात. डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, घरी साफ करता येतो का? पुसायला स्वॅब (चपट्या टोकाच्या काड्या) मागवून ठेवलेत.

येतो. पण तुम्ही स्वॅब मागवून ठेवलेत असं लिहिलंय, म्हणून आधी सांगतो: ते पाकीट इतक्यात फोडू नका. बहुतेक वेळा ब्लोअरनेच (हवा मारायच्या रबरी फुग्यानेच) काम भागतं.

धूळ नक्की सेन्सरवरच आहे ना, हे पहिलं तपासा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमीत कमी, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. हात हलला तरी चालेल. भिंत पुसट होईल, धूळ मात्र जागच्या जागी दिसेल. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे पण फोटोत न येणारे ठिपके फोकसिंग स्क्रीनवरचे (आरशाच्या वरच्या काचेवरचे) असतात, त्यांच्या नादी लागू नका.

मोठ्या अॅपर्चरला ही धूळ लपते. मी एका एप्रिलमध्ये ताडोबाला उघड्या जिप्सीत दोन-तीनदा लेन्स बदलली. तिथले सगळे फोटो एफ/५.६ च्या आसपासचे, त्यामुळे काही कळलंच नाही. पुढे सप्टेंबरात कासला एफ/१६ लावलं आणि ढगांवर जिकडेतिकडे ठिपके! तेव्हापासून चालत्या गाडीत मी लेन्स काढत नाही.

आता साफसफाई. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण मध्येच संपली तर आरसा आणि शटर खाली येतात. पंखा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आपल्या घरांत छताच्या पंख्याच्या पात्यांवर किती धूळ असते ते ठाऊक आहेच. मेन्यूमध्ये हाताने सेन्सर साफ करण्याचा पर्याय असतो, तोच वापरा. बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो मोड) शटर उघडं धरून हे करू नका. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा, टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत न नेता. तोंडाने फुंकलंत तर थुंकीचे कण पडतील. दाबाच्या हवेचा डबा तर अजिबात नको, त्यातून द्रव उडतो आणि डाग पडतो.

पुन्हा भिंतीचा फोटो काढा. ठिपके तसेच असतील तरच स्वॅब. तुम्ही पुसणार ती सेन्सरवर बसवलेली फिल्टरची काच, प्रत्यक्ष सेन्सर नव्हे. म्हणून घाबरू नका, पण काच खरचटली तर तो खर्च मोठा आहे. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी हवी: फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६ मिमी. सेन्सरसाठीच्या द्रवाचे दोनच थेंब. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने एकदा, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून परत एकदा. मग तो फेकून द्या. महाग असतो, जीवावर येतं, तरी दुसऱ्यांदा वापरू नका: त्यावर चिकटलेला एखादा रेतीचा कण काचेवर ओरखडा उमटवायला पुरतो. चष्म्याचं कापड आणि कापूसकाड्या दूरच ठेवा.

एक गोष्ट गोंधळात टाकते. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका, कॅमेऱ्याकडे समोरून बघताना, सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. हे माहीत नसल्यामुळे लोक भलताच कोपरा घासत बसतात.

दरवेळी नवा स्वॅब घेऊन दोनदा पुसूनही एखादा ठिपका राहिला तर थांबा. तो फोटो एडिट करताना काढता येतो. तेलकट, कडेने पसरलेला डाग असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरला दाखवा.